दाद मागायला एकच दार, तेही साठ दिवस उघडं : आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या कर्मचाऱ्यांचे हक्क

उंबरठा (धागाकर्ती), १३ डिसेंबर

गेले काही महिने ओळखीतून फोन येतायत. कुणाचा भाचा, कुणाची सून, कुणी जुना सहकारी. अमेरिकेने हात आखडता घेतल्यापासून युएन आणि तिच्या सगळ्या संस्थांत पैशांची चणचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२६-२७ चं बजेट २१ टक्क्यांनी कापलं, बाकीच्या संस्थांतही पदं जातायत. फोनवर सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "कोर्टात जाता येईल का हो?" एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

मी दिल्लीत एका आंतरराष्ट्रीय संस्थेत २२ वर्षं जीएस गटात, म्हणजे स्थानिक कर्मचारी म्हणून, काम केलं. त्यातली ६ वर्षं स्टाफ असोसिएशनची सचिव होते. आता निवृत्त होऊन पुण्यात आहे.

आमच्याकडे एक ड्रायव्हर होते, गढवालकडचे. १७ वर्षं नोकरी, एकही अपघात नाही. दरवर्षी फिक्स्ड टर्म करार वाढायचा, त्या वर्षी वाढला नाही. पत्र हातात पडल्यावर ते साहेबांना भेटले, साहेब म्हणाले बघतो. एचआरला भेटले, तिथेही बघू. मग गावाकडच्या ओळखीने एक वकील गाठला, त्याने संस्थेला नोटीस पाठवली. नोटिशीला उत्तर आलं नाही, आणि तोवर गेटवर त्यांचा निळा पासही काढून घेतला होता. असोसिएशनकडे जावं हे कुणी सुचवलंच नव्हतं. एका रविवारी ते पत्र घेऊन माझ्या घरी आले. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं, मागच्या बाजूला दुधाचा हिशोब. मी पानं उलटून पत्राच्या तारखेपासून बोटाने दिवस मोजले. ९४. हातातला चहा तसाच ठेवून ते माझ्या बोटाकडे बघत होते. ६० दिवसांच्या आत दोन पानी अर्ज द्यायला हवा होता, एवढंच. त्यांची केस चांगली होती असं मला आजही वाटतं, पण ती कुणी ऐकलीच नाही.

हे असं का होतं?

संयुक्त राष्ट्रांना त्यांच्या सनदेने आणि १९४६ च्या करारानुसार सदस्य देशांच्या न्यायालयांपासून संरक्षण आहे. आपल्याकडे त्यासाठी १९४७ चा स्वतंत्र कायदा आहे, संयुक्त राष्ट्रे (विशेषाधिकार आणि संरक्षण) अधिनियम. त्यामुळे लेबर कोर्ट, हायकोर्ट, ग्रॅच्युइटीचा दावा, ही आपल्या सवयीची दारं युएनच्या कर्मचाऱ्याला बंद असतात. संस्थेने स्वतःहून संरक्षण सोडलं तरच कोर्ट केस ऐकू शकतं.

पण त्याच १९४६ च्या करारातलं २९ वं कलम संस्थेवर एक जबाबदारीही टाकतं : वाद सोडवायची योग्य सोय तुम्ही स्वतः करा. त्या सोयीचं आजचं रूप १ जुलै २००९ पासूनचं आहे. खाली डिस्प्युट ट्रिब्युनल, त्याची ठाणी न्यूयॉर्क, जिनीव्हा आणि नैरोबी. वर अपील्स ट्रिब्युनल. आधीची व्यवस्था १९४९ पासूनची होती, तिच्यात सहकाऱ्यांचीच समिती शिफारस करायची आणि निर्णय प्रशासनच घ्यायचं, दाद मागायला वर एक प्रशासकीय न्यायाधिकरण होतं. २००६ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञांनी ती कालबाह्य आणि निकामी ठरवली.

आता घड्याळ नीट समजून घ्या. निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत मॅनेजमेंट इव्हॅल्युएशनचा अर्ज द्यायचा, म्हणजे निर्णय पुन्हा तपासा असं लेखी कळवायचं. मुख्यालयाबाहेरच्या लोकांना ४५ दिवसांत उत्तर मिळायला हवं. उत्तर आल्यापासून, किंवा ती मुदत उलटल्यापासून, ९० दिवसांत ट्रिब्युनल. तिथल्या निकालावर अपील ६० दिवसांत. यातली पहिली ६० दिवसांची मुदत ट्रिब्युनललाही वाढवून देता येत नाही. साहेब "बघतो" म्हणाले म्हणून घड्याळ थांबत नाही. तोच निर्णय त्यांनी महिन्याने पुन्हा कळवला तरी मोजणी पहिल्याच तारखेपासून होते. संस्थेच्याच लोकपालाकडे, म्हणजे आतल्या आत तडजोड घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, बोलणी चालू असतील तर मुदत वाढू शकते, पण ती लेखी मागून लेखी मिळवा.

डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना), आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), युनेस्को, एफएओ (अन्न आणि शेती संघटना) अशा संस्थांना जिनीव्हातलं आयएलओचं प्रशासकीय न्यायाधिकरण लागू आहे. ते मूळचं राष्ट्रसंघाचं, १९२७ चं. तिथे आधी संस्थेच्या आतल्या पायऱ्या संपवायच्या आणि अंतिम निर्णयापासून ९० दिवसांत जायचं. जागतिक बँक, नाणेनिधी आणि आशियाई विकास बँक यांची न्यायाधिकरणं वेगळी. आपल्याला कुठलं लागू आहे हे नेमणूकपत्रावर आणि स्टाफ रूल्समध्ये आजच बघून ठेवा, नोकरी सुरळीत असतानाच.

---

कोकणकडा, १३ डिसेंबर

ताई, माहितीबद्दल आभार. मनात आलं ते स्पष्ट विचारतो, राग मानू नका. या लोकांना करमुक्त पगार, डॉलरमधलं पेन्शन. आमच्या एमआयडीसीत दहा-दहा वर्षं काम करून एका संध्याकाळी माणसाला घरी पाठवतात. त्यांना सोडून यांच्या हक्कांची काळजी का करायची?

---

उंबरठा, १३ डिसेंबर

राग कसला, प्रश्न बरोबरच आहे. एमआयडीसीतल्या माणसावर होणारा अन्याय मोठाच आहे. पण त्याच्याकडे निदान लेबर ऑफिस आहे, युनियन आहे, वर्तमानपत्र आहे. दार किलकिलं असेल, पण आहे. युएनमध्ये पी आणि डी श्रेणीचे लोक, म्हणजे वरचे अधिकारी, चांगला पगार घेतात हे खरं. ड्रायव्हर, क्लार्क, गोदाम सांभाळणारे, हिशोब ठेवणारे हे मात्र सगळे स्थानिक. त्यांचा पगार स्थानिक बाजार बघून रुपयात ठरतो.

याहून मोठं कारण आहे, ते थोडं सविस्तर लिहिते.

सनदेच्या १०० व्या कलमात म्हटलंय की या कर्मचाऱ्याने कुठल्याही सरकारकडून हुकूम घ्यायचा नाही, आणि सरकारांनीही त्याच्यावर दडपण आणायचं नाही. बोलायला सोपं आहे. १९५२ साली अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालू होती. न्यूयॉर्कच्या मुख्यालयातल्या अमेरिकन कर्मचाऱ्यांना सिनेटच्या समितीपुढे बोलावलं. काहींनी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा आपला घटनात्मक हक्क वापरला. महासचिव त्रिग्वे ली यांनी त्यांना कामावरून काढलं. गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, कामाबद्दल तक्रार नव्हती.

ते प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेले. १९५३ मध्ये ११ जणांच्या बाजूने निकाल लागला आणि भरपाई ठरली. अमेरिका म्हणाली, आम्ही हे पैसे देऊ देणार नाही. मग महासभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं : आम्ही हा निकाल नाकारू शकतो का? १३ जुलै १९५४ ला ९ विरुद्ध ३ मतांनी उत्तर आलं : नाही. जगात स्वातंत्र्य आणि न्याय नांदावा म्हणून स्थापन झालेल्या संस्थेने स्वतःच्याच माणसांना दाद मागायची सोय ठेवू नये हे तिच्या उद्देशाला धरून होणार नाही, असा त्या मताचा आशय. आम्ही असोसिएशनच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचायचो.

दुसरी केस तुमच्या प्रश्नाला आणखी जवळची. युनेस्कोमधल्या काही अमेरिकन कर्मचाऱ्यांनी त्यांच्या सरकारने पाठवलेला निष्ठेचा प्रश्नोत्तर-तक्ता भरून द्यायला नकार दिला. त्यांना काढलं नाही, नुसता फिक्स्ड टर्म करार वाढवला नाही. त्याआधी ६ जुलै १९५४ च्या परिपत्रकात युनेस्कोने म्हटलं होतं की कामाची गरज असेल आणि माणूस पात्र असेल तर करार वाढेल. आयएलओच्या न्यायाधिकरणाने कर्मचाऱ्यांची बाजू घेतली, आणि १९५६ मध्ये हेगनेही तो निकाल बंधनकारक ठरवला. म्हणजे "तुमचा करार संपला, आम्ही कारण द्यायला बांधील नाही" हे वाक्य तेव्हापासूनच पुरेसं नाही. फिक्स्ड टर्ममध्ये मुदतवाढीचा हक्क नसतो, हे नियमात स्पष्ट आहे. पण न वाढवण्यामागे आकस, भेदभाव किंवा लेखी दिलेला शब्द मोडणं असेल तर तो निर्णय रद्द होऊ शकतो.

उद्या कुणी निवडणुकीवर, दुष्काळावर, निर्वासितांच्या छावणीवर खरा अहवाल लिहिला आणि एखाद्या सरकारला तो नको असला, तर त्या माणसाची नोकरी कोण वाचवणार? ती वाचत नसेल तर पुढचा अहवाल कोण खरा लिहील? म्हणून काळजी करायची, कोकणकडा.

---

लोअरपरळ, १३ डिसेंबर

वाचनखूण साठवली. एक आठवण : १९१९ साली वॉशिंग्टनला आयएलओची पहिली परिषद भरली, तिथे भारतीय कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी गेले होते. आम्ही रोज त्यांच्या नावाच्या रस्त्याने जातो आणि ते कुठवर पोचले होते हे विसरतो. जगभरच्या कामगारांसाठी जिथे नियम होतात, तिथल्याच कर्मचाऱ्यांना संघटनेचे हक्क मिळवायला झगडावं लागतं, याचं वाईट वाटतं.

---

जिनीव्हाकर, १३ डिसेंबर

लोअरपरळ यांच्या मुद्द्याला जोडून. आयएलओचे करार देश मंजूर करतात. आंतरराष्ट्रीय संस्था देश नाहीत, त्यामुळे संघटना-स्वातंत्र्याचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार त्यांना थेट लागू होत नाहीत. (ते दोन भारतानेही मंजूर केलेले नाहीत.) संघटनेचा हक्क न्यायाधिकरणाच्या निकालांतून हळूहळू पक्का होत गेलाय. युरोपियन पेटंट ऑफिसने २०१३ मध्ये संपावर कडक नियम घातले. तिथली युनियन डच कोर्टात गेली. हेगच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये तिला न्याय दिला, पण २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचं संरक्षण मान्य करून तो फिरवला. शेवटी आयएलओच्या न्यायाधिकरणाने जुलै २०२१ मध्ये ते नियम बेकायदा ठरवले. ८ वर्षं गेली. या काळात किती लोक निवृत्त झाले असतील.

पगाराचंही सांगतो. २०१७ मध्ये जिनीव्हातला भत्ता कापायचं ठरलं. आमच्यापैकी जे आयएलओच्या न्यायाधिकरणाखाली येतात ते २०१९ मध्ये जिंकले : असा निर्णय घ्यायचा अधिकार आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोगाला (युएनच्या संस्थांतले पगार-भत्ते बघणाऱ्या मंडळाला) नाही, असं न्यायाधिकरण म्हणालं. युएन सचिवालयातल्या लोकांची तीच तक्रार त्यांच्या ट्रिब्युनलने फेटाळली. एकाच शहरात, एकाच श्रेणीत, शेजारच्या इमारतीत बसणाऱ्या दोघांचे पगार वेगळे झाले. सकाळी एकाच ट्रामने प्लास दे नासियोंला उतरणारी माणसं आम्ही. आपल्यावर कुठलं न्यायाधिकरण आहे हे बघून ठेवा असं ताई म्हणतात, त्याचं महत्त्व यावरून कळेल.

---

नाशिकचा लेबरवकील, १४ डिसेंबर

उंबरठा ताई, माझ्याकडे वर्षाला एखादं तरी असं प्रकरण येतं आणि वकील मंडळींनाही हे माहीत नसतं, हे कबूल करतो. हैदराबादजवळ पतंचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांची केस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००३ मध्ये जी. बस्सी रेड्डी निकालात कोर्टाने सांगितलं की ही संस्था घटनेच्या १२ व्या कलमाखालची 'राज्य' नाही, म्हणून तिच्याविरुद्ध रिट, म्हणजे थेट हायकोर्टातली याचिका, चालणार नाही. म्हणून पक्षकार आला की माझा पहिला प्रश्न असतो, पत्र कधी मिळालं? दुसरा, पगार कुणाच्या खात्यातून येतो?

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. सुरक्षारक्षक, सफाईवाले, डेटा एंट्रीवाले, बरेचसे ड्रायव्हर हे मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत असतात. त्यांची मालक ती एजन्सी, आणि एजन्सीला कसलंही संरक्षण नाही. भारतीय कामगार कायदा तिला पूर्ण लागू. पीएफचं पासबुक ऑनलाइन तपासा, ईएसआय कापून भरलंय का बघा, नसेल तर सरळ कामगार आयुक्तांकडे जा. "युएनचं ऑफिस आहे, इथे कायदा चालत नाही" असं एजन्सीचा सुपरवायझर म्हणत असेल तर ते साफ चूक आहे.

---

सांजवात, १४ डिसेंबर

धागा वाचून हात कापतायत. माझी धाकटी बहीण दिल्लीत अशाच एका संस्थेत आहे, जी-६, म्हणजे जीएस गटातल्याच एका श्रेणीत, ११ वर्षं झाली. तिला ३ नोव्हेंबरला ईमेल आला की ३१ डिसेंबरला करार संपेल, निधी नाही म्हणून. पण तिच्या शेजारच्या टेबलाचं तसंच पद राहिलंय, आणि मागच्या वर्षी तिने वरिष्ठांच्या एका खरेदीबद्दल लेखी हरकत घेतली होती. सगळे म्हणतायत शांत राहा, पुढे कुठेतरी सामावून घेतील. तिला डिस्प्युट ट्रिब्युनल लागू आहे, आत्ताच बघितलं. आता उशीर झालाय का?

---

उंबरठा, १४ डिसेंबर

नाही झालेला. ३ नोव्हेंबरपासून आज ४१ वा दिवस. साठावा दिवस २ जानेवारी. पण तेवढी वाट बघायची नाही, कारण ३१ डिसेंबर आधी येतो.

नीट वाच. मॅनेजमेंट इव्हॅल्युएशनचा अर्ज उद्याच ऑनलाइन द्यायचा. लगेच त्याची प्रत जोडून ट्रिब्युनलकडे 'सस्पेन्शन ऑफ अ‍ॅक्शन' मागायचं, म्हणजे तपासणी होईपर्यंत निर्णयाला तात्पुरती स्थगिती. निर्णय अमलात यायच्या आत मागितली तरच ती मिळते. ट्रिब्युनलने ५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, मध्ये नाताळ आहे. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : निर्णय वरकरणी बेकायदा वाटतो, तातडी आहे, आणि न थांबवल्यास भरून न येणारं नुकसान होईल. पत्र हातात आल्यावर इतके दिवस का थांबलात हे विचारतील. तातडी स्वतःच ओढवून घेतलेली असेल तर ट्रिब्युनल मान्य करत नाही, म्हणून या ४१ दिवसांत तिने कुणाला कधी काय विचारलं ते तारखांसकट लिहा.

ऑफिस ऑफ स्टाफ लीगल असिस्टन्सला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कायदेशीर मदत कार्यालयाला, आज रात्रीच ईमेल करा. सल्ला मोफत असतो. कर्मचाऱ्यांच्या पगारातून स्वेच्छेने ०.०५ टक्के वर्गणी त्या कामासाठी जाते. ती खरेदीची हरकत, तिला आलेलं उत्तर, शेजारच्या पदाची माहिती, सगळं एका फोल्डरमध्ये तारीखवार लावून ठेवा. ऑफिसचं खातं बंद व्हायच्या आत स्वतःशी संबंधित पत्रव्यवहार हाताशी असू दे, मात्र गोपनीय कागद बाहेर काढू नका, त्याने उलटी शिस्तभंगाची केस होते. हरकत घेतल्याचा सूड असा मुद्दा असेल तर एथिक्स ऑफिसकडे संरक्षणाचा अर्ज वेगळा द्यायचा. त्याने ६० दिवसांचं घड्याळ थांबत नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. ट्रिब्युनलने शेवटी निर्णय रद्द केला तरी अशा प्रकरणांत संस्था नोकरीऐवजी भरपाई देण्याचा पर्याय निवडू शकते. भरपाईची मर्यादा साधारणपणे दोन वर्षांचा निव्वळ मूळ पगार. व्यवस्थेतलं हे मला सगळ्यात जास्त सलतं. माणूस जिंकतो आणि तरी खुर्ची परत मिळेल याची खात्री नसते. आमच्या असोसिएशनने यावर दोनदा ठराव केला होता.

---

पाणपोई, १५ डिसेंबर

ताई, माझा मावसभाऊ लसीकरणाच्या कामात ८ वर्षं कन्सल्टंट होता. दर ११ महिन्यांनी नवा कागद. विदर्भात उन्हातान्हात गावोगाव फिरला, ओळखपत्रावर तोच निळा रंग. त्याच्यासाठी यातलं काय?

---

उंबरठा, १५ डिसेंबर

कन्सल्टंट नियमांच्या भाषेत 'स्टाफ' नसतो, आणि ट्रिब्युनल स्टाफसाठीच आहे. त्यांच्या करारात वाद झाला तर लवाद असं लिहिलेलं असतं. महिना काही हजार मिळवणारा माणूस आंतरराष्ट्रीय लवाद कसा चालवणार? कागदावर दार आहे, प्रत्यक्षात नाही.

१९९९ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापुढे अशीच केस आली होती. जर्मनीत डार्मस्टाटला युरोपियन स्पेस एजन्सीच्या केंद्रात दुसऱ्या कंपनीमार्फत काम करणारे दोन प्रोग्रॅमर, वेट आणि केनेडी. ते हरले. पण कोर्टाने एक कसोटी घालून दिली : संस्थेचं संरक्षण मान्य करताना, कामगाराला दाद मागायला दुसरा वाजवी मार्ग आहे का, हे बघायला हवं. आपल्या कोर्टांवर ते बंधनकारक नाही. तरी मला वाटतं भावासारख्या लोकांचा रस्ता कधी उघडलाच तर या कसोटीतून उघडेल. तूर्त त्याने आठही वर्षांचे करार, प्रवासाची बिलं, काम ठरवून देणारे ईमेल जपून ठेवावेत. त्याला याहून जास्त काही देता येत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

---

नाशिकचा लेबरवकील, १५ डिसेंबर

पाणपोई, त्याचे करार थेट संस्थेशी होते की मध्ये एजन्सी होती ते मला व्यनि करा. मध्ये एजन्सी असेल तर बघता येईल. फीचा प्रश्न नाही.

---

सांजवात, १९ डिसेंबर

अपडेट. १५ तारखेला रात्री पावणेबाराला इव्हॅल्युएशनचा अर्ज गेला. १७ ला ट्रिब्युनलकडे स्थगितीचा अर्ज. स्टाफ लीगलमधून एका बाईंचा व्हिडिओ कॉल आला, त्यांनी दीड तास सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बहीण म्हणाली, ४५ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तारखा विचारल्या. काल ट्रिब्युनलची पोच आली, केसला नंबर पडलाय. प्रशासनाला उत्तर द्यायला सांगितलंय. पुढे काय होईल माहीत नाही. आई देवापाशी बसून आहे.

---

उंबरठा, १९ डिसेंबर

पोचेचा प्रिंट काढून ठेव. स्थगिती मिळो न मिळो, मूळ अर्ज जिवंत आहे. तो १५ डिसेंबरला गेला, म्हणजे ४५ दिवस २९ जानेवारीला पूर्ण होतात. उत्तर आलं तर त्या दिवसापासून ९० दिवस, नाही आलं तर २९ जानेवारीपासून. नवं कालनिर्णय आणलं असशील तर टांगायच्या आधी त्यावर २९ जानेवारी आणि तिथून नव्वदावा दिवस, दोन्ही तारखांना गोल कर. आईंना माझा नमस्कार सांग.